अडलेलं वाक्य

"विसराळू? माझा भाऊ?" कबरीपाशी लूसियांची बहीण ओदिलवर उखडली. "अहो, दाढी करताना तो अख्खं नाटक म्हणायचा, सगळ्यांची वाक्यं धरून!"

ओदिल थिजली. रंगमंचाच्या कडेखालच्या खोक्यात बसून ती प्रॉम्प्टिंग करायची. सगळ्या पॅरिसला हसवणारा हा नट दर प्रयोगात एक वाक्य हटकून विसरायचा. ती कुजबुजायची, तो उचलायचा. सिनेमावाल्यांनी त्यापायी त्याला बोलावणं सोडलं.

वीस वर्षांपूर्वी मॅनेजर म्हणाला होता, "आता प्रॉम्प्टर कशाला पोसायचा?" त्याच संध्याकाळी, तोवर कधीच न चुकलेला लूसियां पहिल्यांदा अडखळला होता.

आज ती वर होती, तो खाली. ओदिल वाकली, शेवटच्या नाटकात तो विसरायचा ते वाक्य कुजबुजली आणि सवयीने वाट बघत राहिली.