काढ्याचा चोथा

चोथ्यातून अजून वाफ येत होती.

गुइफांग गल्लीच्या तोंडाशी उकिडवी बसली आणि जेवायच्या काडीने तिने तो उसकून पाहिला. माहुआंगच्या काड्या, दालचिनीच्या डहाळ्या, जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध. खोकल्याच्या पुडीतली चारही औषधं जागच्या जागी होती. पण या पुडीचा शेवटचा काढा ती काल संध्याकाळीच प्यायली होती. मग सुनेने आज सकाळी टाकलेला चोथा गरम कसा?

"ऊठ गं तिथून," शेजारची तान म्हातारी दारातून ओरडली. "टाकलेलं दुखणं परत घरी नेतेस की काय?"

या गल्लीत चोथा रस्त्यावरच टाकतात. त्याच्यावर ज्याचा पाय पडेल, दुखणं त्याच्या मागे जातं आणि आजारी माणूस सुटतो. त्यामुळे गल्लीतले लोक खाली बघूनच चालतात. पाय पडतो तो टपालवाल्याचा, नाहीतर भंगारवाल्याचा.

मूठभर चोथा रुमालात बांधून गुइफांग तडक पांगच्या औषधाच्या दुकानात गेली. संशय घ्यायला तिला एरवी फारसं कारण लागत नसे. आज कारण होतं, त्यामुळे पायांना जोर आला होता.

पांगने चष्मा चढवला, ज्येष्ठमधाची एक काडी पाण्यात खळबळली आणि दाढेखाली धरली.

"वहिनी, पुडी किती वेळा उकळता?"

"दोनदा. तुम्हीच सांगितलंत ना? दोन्ही पाणी एकत्र करायचं, अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी."

"दोन उकळ्यांनंतर ज्येष्ठमधात थोडी तरी गोडी राहते. हे म्हणजे नुसतं लाकूड आहे." त्याने काडी थुंकली. "चार वेळा उकळलंय. जास्तच."

गुइफांगला एवढंच हवं होतं. आठ दिवस झाले तरी खोकला हटत नव्हता, तो का हे आता कळलं. तिची सून त्सायलियन तिला तिसरं-चौथं पाणी पाजत होती. आणि पहिला दाट काढा? तो कुठे जात असणार हे काय सांगायला हवं? पुलापलीकडे त्सायलियनची आई राहत होती, आणि ती बाईही महिनाभर खोकतच होती. सून रोज सकाळी कामावर जाताना निळा थर्मास काखेत मारून जायची, तो काय उगाच?

रविवारी दक्षिणेतल्या कारखान्यातून मुलाचा फोन यायचा. त्याला सांगून टाकायचं, तुझी बायको आईच्या तोंडचं औषध माहेरी पोचवते. तिला तिकडेच राहू दे म्हणावं. वाक्यं मनात जुळवत गुइफांग पुलाकडे निघाली, मध्ये दोनदा खोकण्यासाठी थांबली.

पुलाच्या अलीकडेच त्सायलियनची सोया दुधाची गाडी होती. गिऱ्हाइकांची रांग लागली होती, पण गाडीवर कोणी नव्हतं. गुइफांग मागच्या भिंतीशी वळली आणि थबकली. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती. थर्मासचं झाकण तिच्या ओठांना लागलेलं होतं.

"अस्सं! आईला नाही, स्वतःलाच!"

गुइफांगने झाकण हिसकावलं आणि एक घोट घेतला. जीभ कडू व्हायची वाट पाहिली. काहीच झालं नाही. भांडं विसळलेल्या पाण्याला यापेक्षा जास्त चव असते.

"पहिला काढा कुठेय?"

"तुमच्या पोटात."

"मग हे काय आहे?"

"तिसरं पाणी. चौथंही त्यातच आहे. तुमचं झाल्यावर पहाटे उकळते." एवढं बोलताना त्सायलियनला उबळ आली. तिने बाही तोंडावर घट्ट दाबली. गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून ती आवाज न करता खोकली, नुसते खांदे हलले. खोकणाऱ्या बाईच्या हातचं दूध कोण पिणार?

गुइफांग तिचे खांदे बघत राहिली.

"कधीपासून?"

"तुम्हाला सुरू झाला त्याच्या आदल्या दिवसापासून."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? बोलली का नाहीस?"

"बोलले असते, आई, तर तुम्ही म्हणाला असता, माझा खोकला हिनेच आणला."

गुइफांग अगदी हेच म्हणाली असती. वर तान म्हातारीलाही सांगून आली असती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग येतो.

"जा, रांग खोळंबलीय," ती खेकसली. "आणि हे पाणी ओतून दे. चोथ्याची पार साल काढलीस."

परतताना तिने पांगकडून दुसरी पुडी घेतली. कोणासाठी, हे त्याने विचारलं आणि तिने सांगितलं नाही. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली की घरात दोघीही खोकतोय, पण औषध चालू आहे, काळजी करू नकोस.

सोमवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी चोथ्याचे दोन ढीग पडले. डावा गुइफांगचा, उजवा त्सायलियनचा. दोन्ही गुइफांगने स्वतःच टाकले. मग रिकामं भांडं काखेत धरून ती बराच वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली. टपालवाला आला नाही. भंगारवाल्याचाही पत्ता नव्हता.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि उजव्या ढिगावर पाय ठेवला. मग दुसरा पायही.

"अगं अगं!" तान म्हातारी दारातून ओरडली. "पाय बघ कुठे पडलाय!"

"बघूनच ठेवलाय," गुइफांग म्हणाली, आणि कापडी बुटाची टाच तिने नीट दाबली.