आजोबांची माफी

“माझं चुकलं,” आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले आणि नणंदेने आनंदाने खुर्चीतच उडी मारली.

आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आवाज येत होता तो एका जुन्या कॅसेटमधून. नणंद-भावजयीची ही छोटीशी कंपनी तेवढंच काम करायची. लोक जुन्या कॅसेट आणून द्यायचे, या दोघी एआयकडून त्यातली खरखर काढून घ्यायच्या आणि घरच्या माणसांना त्यांच्या माणसाचा आवाज परत मिळायचा. नणंद कॉम्प्युटर सांभाळायची, वहिनी गिऱ्हाइकं आणि नियम. नियम तसा एकच होता. एआयने साफ करून दिलेलं प्रत्येक वाक्य मूळ कॅसेटमध्ये आपल्या कानांनी ऐकायचं, आणि तिथे नसेल तर ते कोणालाही द्यायचं नाही. नणंद त्या नियमाला ‘ऑफिसातल्या सासूबाई’ म्हणायची.

कॅसेट एका आजींची होती. आल्या त्याच मुळी हट्ट घेऊन. तुमचं ते एआय म्हणे गेलेल्या माणसालाही बोलतं करतं, तर आमच्या ह्यांच्या तोंडून एकदा ‘माझं चुकलं’ एवढं म्हणवून घ्या, बाकी मला काही नको. उभ्या संसारात या माणसाने एकदाही माफी मागितली नव्हती. सांगताना आजी हसत होत्या, पण पदराचं टोक काही त्यांच्या बोटांतून सुटत नव्हतं. जे माणूस बोललंच नाही ते त्याच्या तोंडी घालणं आमच्याकडे होत नाही, असं वहिनीने समजावलं, तेव्हा आजींचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी ही कॅसेट काढून दिली. लेकाने लहानपणी खेळता खेळता टेपचं बटण दाबलं होतं आणि घरातलं एक भांडण त्यात अडकून बसलं होतं. खरखर एवढी, की पुढे कोणालाच त्यातलं काही कळलं नाही. बघा, यात तरी काही सापडतंय का, असं म्हणून आजी गेल्या.

आणि सापडलं की! नणंदेने हाक मारून वहिनीला बोलावलं. वहिनीने ऐकलं, पण तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिने हेडफोन चढवले आणि मूळ कॅसेटमधली तीच जागा पुन्हा पुन्हा लावली. मग हेडफोन नणंदेच्या कानांवर ठेवले. तिथे नुसतं आजींचं शिलाई मशीन धडधडत होतं. आजोबांचा मागमूस नव्हता.

एआयला काही सांगितलं होतंस का, असं वहिनीने विचारलं आणि नणंद गोरीमोरी झाली. सांगितलं होतं. काम देताना तिने अगदी मायेने लिहिलं होतं, की आजोबा कुठे माफी मागतायत का ते नीट बघ. एआयने नीट बघितलं असणार. माफी सापडली नाही, तेव्हा आजोबांच्या आवाजात त्यानेच ती मागून टाकली होती.

“कोणाला कळणार आहे, वहिनी?” नणंद काकुळतीने म्हणाली. “आजी किती खूश होतील.”

“होतील ना. पण आजोबांवर नाही, आपल्या एआयवर.”

नणंदेने जड मनाने ते वाक्य पुसलं. सगळं काम पहिल्यापासून केलं, या वेळी कसलीही सूचना न देता. जे निघालं ते दोघींनी मूळ कॅसेटला कान लावून शब्द न् शब्द ताडून पाहिलं. त्यात माफी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. घोळ जिने घातला तिनेच सांगायचं, असं वहिनीने बजावलं होतं. नणंदेने काही न लपवता सगळं सांगितलं आणि मान खाली घातली. त्या यंत्रालासुद्धा माझी दया आली म्हणायची, असं आजी पुटपुटल्या, आणि जे खरं असेल ते लावायला सांगितलं.

तरुणपणीच्या आजी खोलीत कडाडल्या. त्या बोलत राहिल्या, शिलाई मशीन धडधडत राहिलं. आजोबांच्या तोंडून अक्षर नाही. बाई बाई, काय हा माझा पट्टा, म्हणत आजी स्वतःच लाजल्या. मग शिलाई मशीन थांबलं. दबकत दबकत आजोबांचा आवाज आला, “चहा टाकू का?”

“नको.”

भांडी वाजली. बऱ्याच वेळाने टेबलावर कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. टाकलाय, घे, असं आजोबा म्हणाले आणि टेप संपली.

नणंदेला वर बघवेना. माफी ऐकायला आलेल्या बाईच्या हातावर आपण कपभर चहा ठेवला, असं तिला झालं. आजींचे खांदे हलू लागले तेव्हा तर ती घाबरून पाणी आणायला उठली. पण आजी हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या खदखदून हसत होत्या. पुन्हा लाव म्हणाल्या, मग आणखी एकदा. एरवी हे स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचे नाहीत, त्यांनी धाप लागल्यासारखं सांगितलं, फक्त भांडण झालं की उठून आत जायचे.

“अगं, आयुष्यभर मागत होते की माफी! आणि मी आपली दर वेळी म्हणायचे, साखर कमी पडलीय.”