भेसळ

“राखाडीला राखाडीच लावली, तरी निम्मी पिल्लं काळी, पांढरी निघालीत. फसवलंस मला, केवळाबाई.” गंगाखेडचे पोल्ट्रीवाले रायभानराव तिच्या अंगणात तणतणत होते. अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीला आजारी समजून गोळ्या चारणारा हा माणूस दुर्मिळ वाण सुधारायला निघाला होता. गेल्या वर्षी त्यानं तिच्या साऱ्या राखाडी कोंबड्या-कोंबडे निवडून नेले, उरलेला काळा कोंबडा अन् ठिपक्यांची पांढरी कोंबडी बुटानं सारत म्हणाला होता, “ही भेसळ कापून खा.” केवळाबाईनं तंबाखू दाढेखाली सरकवली अन् डालगं उचललं. अकरा पिल्लं पांगली, झाडून सगळी राखाडी. रायभानराव उकिडवेच बसले. “यांचे आईबाप दाव.” तिनं हनुवटीनंच दाखवलं. उकिरड्यावर तोच काळा कोंबडा त्याच पांढरीभोवती पंख पाडून नाचत होता. “दोन्ही मला दे.” “ती भेसळ हाय, मालक,” केवळाबाई पचकन थुंकली. “कापून खायची हाय.”