अंगात आलेली भाषा

"बोल, कोण हायस तू?" सांडू देवऋषीनं तिसऱ्यांदा विचारलं आणि द्वारकाच्या उजव्या तळहातावर कापराची वडी ठेवली.

बिडकीनमधल्या तिच्या सासरच्या अंगणात भर दुपारी अर्धी गल्ली जमली होती. दोघी बायकांनी द्वारकाचे दंड धरून ठेवल्यामुळं तिला हलायचीही सोय नव्हती. गेल्या साली याच सांडूनं शेजारच्या सुनेच्या हातावर कापूर पेटवला होता. त्या बाईला अजून भाकरी थापता येत नाही.

भूतबीत काही नव्हतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला द्वारकाला जर्मन होतं. लेखी पेपर झाला होता, उद्या औरंगाबादला विद्यापीठात तोंडी परीक्षा होती, आणि ती बुडाली की पदवी अडली. तोंडीला मोठ्यानं बोलायचा सराव लागतो. घरात कोणाशी बोलणार? म्हणून ती रोज संध्याकाळी गोठ्यात म्हशीशी जर्मन बोलायची. म्हैस बिचारी रवंथ करत ऐकून घ्यायची. काल सासूनं, सारजाबाईनं, ते ऐकलं आणि हातातली दुधाची चरवी तिथंच टाकून ती किंचाळत घरात पळाली.

द्वारकानं सगळं सांगून पाहिलं होतं. सासरे कारभारी म्हणाले, "कालिजातूनच लागलंय हे. आता कालिज बंद." त्यांना भुतापेक्षा कॉलेजचाच राग जास्त होता, आणि आता दोन्ही एकदमच निघणार होती. नवरा बन्सी वडिलांपुढं तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. तो सकाळीच कंपनीत पाळीला निघून गेला होता.

"नाय बोलत? मंग बघच आता." सांडूनं काडी ओढली.

जाळ तळहाताजवळ आला तशी द्वारका भीतीनं सगळंच विसरली. देवाचं नाव आठवेना, आईला हाक मारायचं सुचेना. महिनाभर घोकलेलं तेवढं जिभेवर होतं. तेच बाहेर पडलं, म्हशीसमोर बोलायची त्याच्या चौपट मोठ्यानं.

"माइन नामं इस्ट द्वारका. इख वोनं इन बिडकीन." माझं नाव द्वारका, मी बिडकीनला राहते, एवढाच त्याचा अर्थ.

सांडूच्या बोटांतली काडी विझली. आजवर त्यानं कितीतरी भुतं उतरवली होती, पण ती सगळी मराठीत बोलायची, फार तर एखादं उर्दूत. तो मागं सरकला. दंड धरलेल्या बायकांनी हात सोडले आणि लोकांत कोणीतरी पोराला ओढून घरात नेलं.

"तुमाला काय पायजे, म्हाराज?" सांडूनं हात जोडून विचारलं.

द्वारकाला आता निराळीच भीती वाटली. सोंग उघडं पडलं तर हे लोक कापरावर थांबणार नव्हते. पण तुला काय पाहिजे, असं त्या घरात तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"उद्या हिला इद्यापीठात न्यायचं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "परीक्षा घेणाऱ्या बाईंम्होरं बसवायचं. तिथं मी बोलीन, आन् तिथंच हिला सोडून जाईन. नाय नेलं तर ह्या घरातल्या एकेकाला धरीन."

"कोन नेनार?" कारभारींचा आवाज बारीक झाला होता.

खांबाला धरून सारजाबाई उभी होती. द्वारकानं तिच्याकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त सारजाबाई सुनेपासून अंग चोरूनच बसली. मुठीत लिंबू होतं. परीक्षेच्या खोलीबाहेर ती दाराकडं पाठ करून उभी राहिली, कान मात्र आत होते.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी जर्मनमधूनच नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग पाठात नसलेलं काहीतरी विचारलं. भीती वाटते का? द्वारकानं जर्मनमधून खरं ते सांगितलं. खूप. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "जा, झालात पास."

"गेलं का गं?" सारजाबाईनं बाहेर विचारलं.

"गेलं, आत्या."

परतीच्या एस.टी.त सारजाबाई सुनेला खेटून बसली. मग म्हणाली, "समदं गेलं?"

"हो."

"थोडं ठिवायचं हुतंस."

द्वारकानं वळून पाहिलं. सारजाबाई तिच्याकडं पाहत नव्हती.

"म्हायेरी, शेंद्र्याला, माझी माय अंथरुनाला खिळलीय. लई दिस झाले, तुझे सासरे जाऊ देत नायत. हात जोडले, रडले, जेवनसुदिक सोडलं." तिनं पुढच्या-मागच्या बाकांवर ओळखीचं कोणी नाही ना ते पाहिलं. "काल तुझं मातर ऐकलं त्यांनी."

द्वारकानंही मागं-पुढं पाहून घेतलं.

"ते कालचं कसं म्हनायचं, मला शिकव," सारजाबाई म्हणाली.

द्वारका तिच्या कानाशी वाकली. "माइन नामं इस्ट."

"माइन नामं इस्ट," सारजाबाई पदराआडून पुटपुटली. "आन् म्होरं?"

"पुढं आपलं नाव घ्यायचं."

बिडकीनची पहिली घरं दिसू लागली होती.

"सारजा," ती म्हणाली, आणि तिनं सुनेचा हात घट्ट धरला. "आता हेच मोठ्यानं कसं म्हनायचं?"