गाठ काढण्याआधी

चामराजपेटेतल्या क्लिनिकात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा फोटो पद्मावतीपुढे धरला. "ही गाठ बघा अक्का. फायब्रॉइड म्हणतात. कॅन्सरसारखी दिसत नाही, घाबरू नका. पण गर्भाशयाच्या आतल्या बाजूला वाढलीय, म्हणून दर महिन्याला दहा-बारा दिवस रक्त जातं, आणि स्वल्प चाललात तरी दम लागतो. ही काढली की पाळी चार दिवसांत आटपेल."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी हात जोडले. "बनशंकरी पावली म्हणायची. आमच्या घरात सोवळं कडक, डॉक्टर. बाहेर बसली की ही कोपऱ्यातल्या खोलीत चटईवर आडवी. एरवी सगळं हीच बघते, पण ते दिवस आले की पहाटेच्या देवपूजेपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं माझ्या गळ्यात."

त्या काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या लिंबाएवढ्या गाठीकडे पद्मावती बघत राहिली. सासूबाई गोळ्या आणायला बाहेर गेल्या, तेव्हा तिने आवाज खाली आणून विचारलं,



"डॉक्टर, थोडी आत राहू दिली तर चालेल का?"