शेजाऱ्याचा शेरा

भोंग्याची बायको कारकुनाच्या दारात उभी होती. हातात कागदांचा गठ्ठा, चेहऱ्यावर संकोच.

"भाऊजी, तुमच्याशिवाय हे कुणाला कळायचं नाही. यांच्या पासपोर्टची मुदत संपलीय. लेक बोलावतेय परदेशात, सहा महिने राहायला."

भोंगा हे नाव कारकुनाने ठेवलेलं. वरच्या मजल्यावरचा हा गृहस्थ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. बँडने त्याला निवृत्त केलं, ट्रम्पेटने केलं नाही. रोज पहाटे पाच दहाला तेच गाणं आणि दुसऱ्या ओळीत तीच चूक. कारकुनाचीही पस्तीस वर्षं कचेरीत गेलेली. त्याने एक वही उघडली. तारीख, वेळ, किती मिनिटं, किती चुका. वही भरल्यावर नगरपालिकेत अर्ज केला की इमारतीत वाजवायला कायमची बंदी घाला. तीन तारखा पडून गेल्या होत्या, चौथी येत्या बावीसला होती.

"सहा महिने?" कारकुनाने विचारलं.

"लांबलं तर वर्षही."

कारकुनाने खुर्ची पुढे केली. "बसा ना वहिनी. उभ्या का?"

ती गेल्यावर कारकुनाची बायको म्हणाली, "काल त्यांचं नाव काढलं तर दार आपटलंत. आज खुर्ची?"

"नगरपालिका नुसत्या तारखा देते. विमान दिलेल्या तारखेला उडतं," कारकून म्हणाला आणि चष्मा पुसून फॉर्म भरायला बसला.

भोंग्याला कागदातलं ओ की ठो कळत नव्हतं. जुन्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स कारकुनाने काढली. पत्त्याच्या पुराव्याला विजेचं बिल शोधलं. फोटो परत आला, कारण गाल फुगलेले दिसत होते.

"चेहरा नैसर्गिक ठेवा, असं लिहिलंय," कारकून म्हणाला.

"हा नैसर्गिकच आहे. चाळीस वर्षं वाजवतोय," भोंगा म्हणाला.

कारकून त्याला स्वतः फोटोवाल्याकडे घेऊन गेला. "श्वास सोडा मास्तर. आणखी. सगळा जाऊ द्या." दुसऱ्या फोटोत भोंगा दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता, पण कान दोन्ही दिसत होते आणि तेवढं पासपोर्टला पुरतं.

सही जुळेना. कारकुनाने त्याच्याकडून जुन्या सहीसारखी सही पन्नासदा गिरवून घेतली. "आणि एक ध्यानात ठेवा मास्तर, प्रत काढल्याशिवाय कागद हातचा सोडायचा नाही."

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊसाहेब."

पासपोर्टच्या कचेरीत कारकून त्याच्यासोबत सकाळी सातपासून रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या बाईंनी सगळे कागद तपासले आणि म्हणाल्या, "दोन शेजाऱ्यांचं लेखी लागेल, वर्तणुकीबद्दल. सहीनिशी."

पलीकडच्या शिंप्याने दोन ओळी लिहून दिल्या. दुसऱ्या शेजाऱ्यासाठी भोंगा कारकुनाच्या दारात घुटमळला.

"तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? आपलं ते अर्जाचं चालू असताना..."

"अर्ज राहू द्या हो! आणा तो कागद."

कारकुनाने पानभर लिहिलं. 'सदर गृहस्थ अकरा वर्षे माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्यापासून कोणासही कसलाही उपद्रव नाही. त्यांचे वादन अत्यंत मधुर असून पहाटे ते कानी पडल्याखेरीज माझा दिवस सुरू होत नाही.'

"एवढं कशाला?" त्याची बायको कुजबुजली. "माणूस चांगला आहे, एवढं पुरे की."

"कोरडं लिहिलं की साहेब लोक शंका घेतात. जन्मभर हेच वाचलंय मी."

भोंग्याने कागद दोनदा वाचला. त्याचे डोळे पाणावले. "मनापासून लिहिलंत?"

"शब्दन् शब्द."

"तारीख राहिली तेवढी," भोंगा हळूच म्हणाला.

कारकुनाने तारीख घातली. भोंग्याने कागद छातीशी धरला आणि न सांगता झेरॉक्सवाल्याकडे गेला. शिष्य तयार झाला, असं कारकुनाला वाटलं.

एकोणीसला पासपोर्ट आला. पोस्टमनच्या मागोमाग कारकूनच वर धावला. बॅगा तोलायला स्वतःचा काटा घेऊन गेला, कुंड्यांना पाणी घालायचं कबूल केलं.

"तिकीट कधीचं?"

"बघतो," भोंगा म्हणाला.

बावीसला कारकून इस्त्रीचा सदरा घालून निघाला. बायकोने विचारलं, "आता कशाला जाताय? ते तर चालले."

"मागे घेतला की अर्ज मेला. तो जिवंत ठेवायचा. जाऊन सहा महिन्यांनंतरची तारीख मागतो."

नगरपालिकेच्या दालनात भोंगा आधीच बसलेला होता. मांडीवर फाइल.

अधिकारीबाईंनी वही चाळली. मग एक सुटा कागद उचलला. एकदा वहीकडे बघितलं, एकदा कागदाकडे.

"ही वही तुमचीच ना?"

"हो."

"आणि हे पत्र? वादन अत्यंत मधुर?"

कारकून भोंग्याच्या मांडीवरच्या फाइलकडे बघू लागला.

"अक्षर तर एकच दिसतंय. सहीही. आणि पत्राची तारीख वहीच्या नंतरची." बाईंनी शिक्का उचलला. "अर्ज निकाली. यांनी खुशाल वाजवावं."

शिक्का टेबलावर आपटला. कारकून भोंग्याकडे वळला. "अहो मास्तर, पण तुम्ही चालला होतात ना लेकीकडे? पासपोर्ट आलाय! काटा आणून दिला मी!"

"छे हो." भोंग्याने फाइल मिटली आणि काखेत घातली. "तिला कळवलं, तूच ये म्हणून. विमानाचा तो आवाज मला कुठला सहन व्हायला!"