बिनसेलचे घड्याळ

हे गेले त्या सकाळी ह्यांच्या मनगटावर आमच्या मुलाने, शार्दूलने, बनवलेले घड्याळ होते. त्यातली चिप इतकी अल्पाहारी, की तिला सेल लागत नसे. जिवंत माणसाच्या अंगची ऊब पुरे. काढून ठेवले, की पाच मिनिटांत ते बंद पडे.

डॉक्टर मृत्यू झाल्याचे सांगून गेल्यावर दोन तासांनी, तिरडीपाशी माझी सून वल्लरी कुजबुजली, "आई, बाबांचं घड्याळ अजून चालतंय. डॉक्टरांना परत बोलवू या?"

गुडगावची सगळी नवी सोसायटी खाली ताटकळत उभी होती.

"लोकांसमोर तमाशा नको," मी म्हणाले. "अंगावर काही ठेवत नाहीत. काढ ते."

तिने ते काढले. बाराच्या आत अग्नी दिला.

तेरा दिवस मी लाजेने तिच्या नजरेला नजर दिली नाही. आज वल्लरी ह्यांच्या फोटोपुढून उठून गेली, तशी धीर करून मी तिथले घड्याळ उचलले.

ते चालू होते, आणि नुकतेच कुणाच्या मनगटावरून उतरल्यासारखे कोमट होते.